सत्यशीला आधी खेळून बघते

सेनगावच्या अलीकडं फाट्यावर उतरून कुणालाही विचारा, मेंढरं बसवायच्या आधी रान कोण बघतं, तर लोक दगडोबाच्या सुनेचं नाव सांगतील. सोयाबीन निघालं की शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. चार मुक्काम कळप बसला की लेंड्यांनी जमीन तयार होते. कळप राखतो दगडोबाचा मुलगा शिवहार, पण रानात पहिलं पाऊल त्याच्या बायकोचं, सत्यशीलाचं. ती बांधाबांधानं हिंडते, गवताची काडी चुरगाळून नाकाला लावते आणि मगच हो म्हणते. ही रीत तिला सासूनं, पंचफुलाबाईनं शिकवली, आणि सासूचे गुडघे धरल्यापासून ती सगळी तिच्याकडंच आली.

तीन वर्षांपूर्वी संतराम नावाच्या शेतकऱ्यानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की माझ्या रानात फवारणी झालेली नाही. तो खरंच बोलत होता. पण शेजारच्या तुरीवर मारलेलं औषध वाऱ्यानं बांध ओलांडून आलं होतं, आणि ते सत्यशीलाच्या नाकानं पकडलं. तिनं कळप माघारी फिरवला. संतराम रागावला, शिवहारही कुरकुरला. दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर सुटलेली संतरामची शेळी तोंडाला फेस येऊन मेली, आणि तेव्हापासून सत्यशीलाच्या शब्दापुढं कुणी जात नाही. तिलाही ते पक्कं ठाऊक आहे. बाई नम्रबिम्र अजिबात नाही.

तर अशा बाईच्या घरात मोबाईल आला. शिवहारनं नवा घेतला आणि जुना घरी ठेवला, लेकरांचा शाळेचा अभ्यास त्याच्यावर येत होता म्हणून. अभ्यास आला तसे खेळही आले. थोरली अंजली सातवीत, धाकटा अंगद तिसरीत. दोघांची डोकी त्या एवढ्याशा काचेवर अशी चिकटायची की हाक मारून घसा बसावा.

त्यातच दगडोबा एकदा सेनगावला गेले आणि त्यांना बसस्टँडवर बहिणीचा नातू भेटला. भेटला कसला, तो मोबाईलमध्ये बंदुकीनं माणसं मारत होता आणि हिंदीत कुणाला तरी शिव्या देत होता. म्हातारा समोर उभा राहिला, खाकरला, नाव घेतलं, तरी त्यानं मान वर केली नाही. दगडोबा तसेच पुढच्या जीपनं घरी आले आणि त्यांनी मोबाईल पेटीत घालून किल्ली करदोट्याला बांधली. शाळेचं असेल तेव्हा मागायचा, समोर बसून बघायचा, परत द्यायचा.

अंगदनं आदळआपट केली आणि विसरून गेला. अंजली मात्र गप्प झाली. आईनं विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. सत्यशीलाला त्या गप्पपणाची भीती वाटली. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. पोरगी उद्या कळमनुरीला शिकेल, हिंगोलीला जाईल, मोबाईल तर तिच्या हातात येणारच. तेव्हा काही वाकडं घडलं तर ती आपल्याला सांगेल का, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्याच्यापुढं तिला बाकी सगळं किरकोळ वाटत होतं.

एका सकाळी ती सासऱ्यापुढं उभी राहिली. "मामा, रान न बघताच तुमी कवाड लावून राहिले. आधी मला हिंडून तर येऊ द्या."

याच हिंडण्याची फुशारकी दगडोबा स्वतः गावभर मारत. त्यांनी करदोट्याच्या किल्लीनं पेटी उघडून मोबाईल सुनेला दिला, पण एक अट घातली. सून बघेल ते खेळ चालतील. मात्र पुढं त्यात काही वाईट निघालं तर पेटी कायमची बंद, मग कुणी रडायचं नाही.

सत्यशीला कामाला लागली. दुपारी भाकरी उरकून, कोकरं पाजून झाली की ती उंबऱ्यात बसायची आणि लेकरांनी सांगितलेला एकेक खेळ स्वतः खेळायची. बंदुकीचा खेळ तिनं पहिल्या दिवशीच काढून टाकला. एकात गाड्या पळवायच्या होत्या, त्यात माणसं चिरडली की बक्षीस मिळायचं, तोही गेला. तिसरा नुसते रंगीत फुगे फोडायचा होता, निरुपद्रवी दिसत होता, पण तिच्या लक्षात आलं की भाजी करपली तरी आपण उठलो नाही. जो खेळ मलाच उठू देत नाही तो लेकरांना काय उठू देणार, म्हणून तिनं तोही काढला. खेळावर तीन वर्षांवरच्या सगळ्यांसाठी असं लिहिलंय, हे अंजलीनं दाखवून दिलं. सत्यशीला म्हणाली, संतरामही तेच सांगत होता.

मग मेंढरांचा खेळ सापडला. हिरवं कुरण, लाल टोपीचा एक माणूस, पंचवीस मेंढरं, आणि ती सांजेआधी वाड्यात घालायची. सत्यशीला हसली. हे काय मला शिकवायचं काम आहे? तिनं लाल टोपीवाल्याला कळपाच्या पुढं नेलं, वाड्याच्या तोंडाशी उभं केलं आणि वाट बघत बसली. मेंढरं जागची हलली नाहीत. तिनं तोंडानं हाळी दिली, अगदी शिवहार देतो तशी, आणि बाहेर बांधलेली खरी कोकरं ओरडायला लागली. मोबाईलमधली मेंढरं मात्र ढिम्म. वेळ संपला, ती हरली. तीनदा हरली. हिंगोली जिल्ह्यात त्या खेळात सगळ्यात वाईट खेळणारी बाई कोण, तर जिचा जन्म मेंढरांत गेला ती.

कोपऱ्यात फुगून बसलेल्या अंजलीला राहवलं नाही. ती आईला खेटून बसली आणि तिनं सांगितलं की इथली मेंढरं माणसाच्या मागं येत नाहीत, माणसाला भिऊन पुढं पळतात, म्हणून मागून हाकायची. सत्यशीलाला हे पटेना. पुढं चालणाऱ्याच्या मागं येत नाहीत ती कसली मेंढरं? पंचफुलाबाईनंही बाजेवरून विचारलं की त्यांना पाणी कधी पाजतात. अंजली हसत सुटली. कितीतरी दिवसांनी पोरगी अशी पोट धरून हसत होती, आणि सत्यशीलाला बरं वाटलं, इतकं की चौथ्यांदा ती मुद्दामच हरली.

तो खेळ घरात राहिला. दोघी मिळून खेळायच्या, एक डावीकडून हाकायची, एक उजवीकडून. खेळताना बोलणं निघायचं, शाळेतलं, मैत्रिणींचं, मध्येच संतरामच्या शेळीचंही. हिवाळा असाच गेला. दगडोबा बाजारात सांगू लागले की आमची सून आता मोबाईलमधली रानंही तपासते. सत्यशीलानं ते ऐकलं आणि तिची मान आणखी ताठ झाली.

इथंच ती चुकली. खरं रान ती मुक्कामाच्या रोजच्या सांजेला बघते, काल बघितलं म्हणून आज सोडत नाही. खेळ मात्र तिनं एकदा बघितला आणि झालं असं मानलं. फाल्गुनात तो खेळ नव्यानं उतरवून घ्यावा लागला, आणि नव्या खेळात बाहेरच्या लोकांना लिहून बोलता यायला लागलं. सत्यशीलाला याचा पत्ताच नव्हता.

एका दुपारी ती कोकरांना पाला टाकत होती. अंजली आली. चेहरा उतरलेला, मोबाईल दोन्ही हातांत धरलेला. काय झालं म्हणून विचारलं तर तिनं तो आईच्या हातात ठेवला.

"माय, या रानात कोनीतरी फवारलंय."

सत्यशीलानं हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर लावत वाचलं. तुझं नाव काय, गाव कोणतं, एकटी असतेस का, फोटो पाठव, आणि घरात कुणाला सांगू नको. अंजलीनं उत्तर दिलं नव्हतं. पण कालपासून ती हे पोटात घेऊन फिरत होती, कारण सांगितलं तर आबांची पेटी कायमची बंद होणार, हे तिला माहीत होतं. सांगायला आली ते ती पेटी डोळ्यांपुढं ठेवूनच.

सत्यशीलाला राग आला, त्या न दिसणाऱ्या माणसाचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिनं पोरीला जवळ घेतलं, घट्ट धरलं, आणि तसंच हाताला धरून दगडोबांपुढं नेलं. लपवणं तिला सहज जमलं असतं. पण पोरगी सगळं गमवायची तयारी ठेवून खरं बोलली होती, आणि तिच्या आईनं त्याच तासाला खोटं बोलावं हे सत्यशीलाला मान्य नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं. चूक माझी, मी एकदाच बघितलं, रोज बघायला पाहिजे होतं, असंही सांगितलं. मग मोबाईल म्हाताऱ्यापुढं ठेवला.

दगडोबांचा हात करदोट्याकडं गेला, किल्लीवर थांबला. त्यांना बसस्टँडवरचा तो नातू आठवला असावा. मग ते नातीकडं वळले.

"तुला कसं कळलं गं, हे वाईट हाय म्हणून? लिहिणं तर गोडच दिसून राहिलं."

"वास आला, आबा," अंजली म्हणाली. "घरात सांगू नको म्हनला तवाच आला."

पंचफुलाबाईनं बाजेवर मान हलवली. दगडोबांनी किल्ली सोडली आणि मोबाईल सुनेच्या हातात परत दिला. अट मोडली असं ते बोलले नाहीत, आणि कुणी त्यांना आठवणही करून दिली नाही. मायलेकींनी त्या माणसाला ब्लॉक केलं, मग लिहायची सोयच बंद केली. त्याचं लिहिणं तेवढं शिवहारला आणि शाळेत दाखवायला ठेवलं.

उन्हं कलली तसा संतरामचा निरोप आला की वरच्या रानात हरभरा निघाला आहे, उद्यापासून मेंढरं बसवा. सत्यशीला रान बघायला उठली, पायात चपला घातल्या. दगडोबांनी ओट्यावरून हाक मारली.

"पोरीला घेऊन जा."

बांधावर गेल्यावर सत्यशीला सवयीनं पुढं झाली, मग थांबली आणि बाजूला सरकली. अंजली पुढं गेली, खाली वाकली, गवताची एक काडी तोडून तिनं बोटांत चुरगाळली आणि नाकाशी नेली. आई तिच्या मागं दोन पावलांवर उभी राहिली आणि ती काय सांगते याची वाट बघू लागली.