सकाळची धार

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आमच्या गाईनं मला लाथ मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. देवणी गाय, पहिल्या वेतापासून माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची. पण त्या दिवसांत सकाळी माझी बोटंच मिटत नव्हती. सड धरला तरी दाब येईना, म्हणून नखानं ओढलं. तिला दुखलं असणार.

मालक म्हणाले, "तुला जमंना, अन ती दुसऱ्याला शिवू देईना. बाजारच दाखवावा हिला."

मी म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबा."

हातांचं मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. भाकरी सून करायची, म्हणून झाकून गेलं. कुणी विचारलंच तर गुडघा दुखतो म्हणायची. गुडघा सगळ्यांचाच दुखतो. लाथ बसल्यावर मात्र सुनेनं माझी बोटं दाबून पाहिली आणि मालकांच्या मागं लागून मला मुखेडहून लातूरच्या बसमध्ये बसवलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं तर सोबत आलेले मालकच बोलले, "काम लई करती, त्यानं दुखतंय."

"त्यांना बोलू द्या. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?"

मला घड्याळाचं सांगता येईना. खाली बघून म्हणाले, "धारेला बसताना मिटत न्हाईत. झाडलोट होऊन गोठ्यात ऊन आलं की मोकळे होतेत."

"म्हणजे काम केल्यावर बरं वाटतं?"

"हाव."

मालक माझ्याकडं बघत राहिले. "मला कधी बोलली न्हाईस!"

"तुम्ही गाईचंच इचारलं."

बाई हसल्या. मग समजावून सांगितलं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं, बसलं की कमी होतं. माझं उलटं होतं, आणि दोन्ही हातांची तीच बोटं सुजली होती. रक्त तपासल्यावर म्हणाल्या, हा आमवात. शरीर आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला परकं समजतं आणि तिथं सूज आणतं. तसंच सोडलं तर सांधे वाकडे होतात. मला आमची जुनी कुत्री आठवली, घरच्याच माणसांवर धावून जायची.

एक गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घ्यायची नाही, हे बाईंनी तीनदा सांगितलं. मी ती बाजाराच्या वाराला घेते, म्हणजे चूक होत नाही. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. गुण यायला वेळ लागेल असंही त्या म्हणाल्या होत्या, आणि लागलाच. पाडवा जवळ येत होता.

एका सकाळी सून म्हणाली, "आत्या, तुमचं गोठ्यातलं लुगडं द्या. तेच नेसून बसते. बघू वळखती का मला."

"धुतलेलं देते."

"धुतलेलं कशाला? वासच पायजे."

मी गाईच्या तोंडाशी उभी राहून गळा खाजवत होते. तिनं मान वळवून लुगडं हुंगलं. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा हुंगलं. सून जागची हलली नाही. थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज आला.

पाडवा होऊन गेला. मालकांनी बाजाराचं नाव काढलं नाही. आता संध्याकाळची धार माझी, तोवर बोटं मोकळी झालेली असतात. दोन बोटं वाकडी राहिली आहेत. सकाळची धार सून काढते, माझं लुगडं नेसून.