काळं कुठवर?

आमच्या घरात काळं तोंड शुभ मानतात. बाहेर कुणाला हे सांगितलं की ते आमच्याकडे संशयाने बघतात, म्हणून सहसा सांगत नाही.

बाबूजी पोलिसात फौजदार होते. आम्ही आमगावला राहायचो. एकदा दिवाळीच्या तोंडावर त्यांचा गोळीबाराचा सराव होता आणि दुसऱ्याच दिवशी चिचगडकडच्या जंगलात ड्युटीवर जायचं होतं. सराव आटोपून ते घरी आले. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या रुमालात बांधून आणल्या होत्या. जेवण करून त्या शस्त्रागारात जमा करायच्या होत्या. रुमाल ओट्यावर ठेवून ते आंघोळीला गेले. माय तिथेच चिंच आणि राख घेऊन देवाची भांडी घासत बसली होती. पितळ दिसलं की तिचे हात काही थांबत नाहीत.

बाबूजी बाहेर आले तेव्हा पुंगळ्या समईशेजारी उन्हात झळकत होत्या.

"अवो, हे काय करून ठेवलीस?"

"घासली. किती काजळी होती जी त्यायवर."

बाबूजी ओल्या अंगानेच खाली बसले. गोळी चांगली असली की उडताना पुंगळी फुगते, रिव्हॉल्व्हरच्या घरात घट्ट बसते आणि काजळी फक्त तिच्या तोंडाशी धरते. गोळी सर्दावलेली असली की जोर कमी पडतो, पुंगळी सैल राहते आणि काळं पार खाली उतरतं. त्या दिवशीच्या पुंगळ्या बुडापर्यंत काळ्या होत्या. त्याच दाखवून ते जंगलात न्यायच्या गोळ्या बदलून मागणार होते. आता दाखवायला उरलं होतं ते मायचं लख्ख काम.

"म्हणजे ते काळं तुमच्या जिवासाठी होतं," माय म्हणाली. "आन् म्या धुतलं."

तिने हातही नीट धुतले नाहीत. बाबूजींच्या मागे स्कूटरवर बसली आणि थेट शस्त्रागारात गेली. तिथला हवालदार चकाकत्या पुंगळ्या बघून आधी खूप हसला. मायने एक पुंगळी उचलली, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाली, "इथवर होतं." तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. गोळ्या बदलून मिळाल्या. हा किस्सा बाबूजींनी इतक्यांदा सांगितला की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

तेव्हापासून बाबूजी सरावाहून आले की दारातच माय विचारायची, "काळं कुठवर?" ते म्हणायचे, "तोंडापुरतं." मग पुढे सगळ्यालाच तो प्रश्न लागू झाला. माझे गणिताचे मार्क, गळकं छप्पर, तिचे गुडघे. तोंडापुरतं असलं की घर निवांत जेवायचं.

यंदा बाबूजींना घेऊन मी गोंदियाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर जे बोलले ते आम्ही दोघांनीच ऐकलं. परत येताना गाडीत बाबूजी धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले.

माय ओट्यावरच बसली होती. "काळं कुठवर?"

"तोंडापुरतं," बाबूजी चप्पल काढत म्हणाले.

मी उगाच गाडीची चावी शोधू लागलो, ती हातातच होती.

मायने त्यांना शेजारी बसवलं. त्यांचा हात मांडीवर घेतला, एका बोटाच्या टोकाला नख टेकवलं आणि ते हळूहळू खाली आणलं. तळव्यावरून मनगटापर्यंत.

"इथवर?"

बाबूजींनी तिच्या नखाकडे बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

"बरं," माय म्हणाली. हात तिने सोडला नाही. "पुढच्या खेपेले मी येईन संगं."