नंतर लिहिलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्याच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत रक्त तपासते. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट माहीत नाही.

कळंबला माझा दवाखाना आहे. माझी चिठ्ठी आज तालुक्यात नावाजलेली आहे. औषधाचं नाव सुट्या, ठळक अक्षरांत. किती मिलिग्रॅमची, किती वेळा, किती दिवस, जेवणाआधी की नंतर. खाली सगळं पुन्हा मराठीत. नवे डॉक्टर शिकायला येऊन बसतात, त्यांना मी सांगतो — वाचणाऱ्याला अंदाज करावा लागला, तर ती चिठ्ठी अपुरी. ते माना डोलावतात. हे शहाणपण मला कुठून आलं, असं एकानंही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर — सांगितलं असतं का मी?

नऊ वर्षांपूर्वी लोणीहून हौसाबाई यायच्या. संधिवातानं बोटं वाकडी होत चाललेली. बरोबर सून असायची, सुरेखा. बारावी शिकलेली, सासूची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारी. काही विचारलं की हौसाबाई तिच्याकडे बोट करायच्या. "माज्या गोळ्या हिलाच ठावं."

त्या दिवशी गर्दी होती. मी हौसाबाईंना एक नवी गोळी सुरू केली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अंगात रक्त तयार व्हायचंच थांबतं. हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं. पण चिठ्ठीवर मी गोळीचं नाव खरडलं आणि पुढे इंग्रजीत खुणेपुरतं लिहिलं — एक, जेवणानंतर. बस. तोंडी सांगायचं, तर तेवढ्यात फोन वाजला, आणि पुढचा पेशंट आत आला.

मेडिकलवाल्यानं सुरेखाला तेच वाचून सांगितलं. तिनं सासूला रोज दुपारी जेवण झालं की एक गोळी दिली. एकही दिवस चुकवला नाही.

पंधरा-सोळा दिवसांत हौसाबाईंचं तोंड आतून सोलून निघालं. ताप उतरेना. त्यांना पुण्याला हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा, सुरेखाचा नवरा संतोष माझ्याकडे आला. तिथले डॉक्टर विचारत होते, गोळी कशी घ्यायला सांगितली होती. त्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

मी चिठ्ठी पाहिली. काय झालंय ते लगेच कळलं. आणि मग — पेन हातातच होतं. गोळीच्या नावाखाली जागा होती. मी लिहिलं, 'आठवड्यातून एकदाच'. अशा वेळी हात थरथरतो म्हणतात. माझा थरथरला नाही. इतकं स्वच्छ अक्षर मी तोवर कधी काढलं नव्हतं.

संतोष आत आला, तेव्हा मी ती ओळ त्याला बोटानं दाखवली. घरी कुणी वाचलं नाही का, असंही विचारलं. त्यानं वाचलं. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

हौसाबाई वाचल्या. पण सुरेखाचं काय झालं? ते मला संतोषकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. सासूनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. शिकलेल्या बाईला एवढी ओळ दिसली नाही, की बघायचीच नव्हती — असं भावकीत बोललं जाऊ लागलं. शेवटी तिला माहेरी, पारगावला पाठवलं. हौसाबाई माझ्याकडे येतच राहिल्या. एकदा म्हणाल्या, "तुमी लिवलं व्हतं म्हणून तिचं खरं रूप कळलं, डाक्टर." मी त्यांची नाडी बघत राहिलो.

वर्षभरानं सुरेखा एकटी आली. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा. बस म्हटलं तरी उभीच राहिली.

"डॉक्टर, गोळी द्यायच्या आदी मी ती चिठ्ठी रोज बघायचे. तुमचं बाकीचं काय बी वाचता येत न्हाई. ती एक ओळ तेवढी येती. मग ती मला एक दिवस बी कशी दिसली न्हाई?"

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"मी कुणाला सांगणार न्हाई. मला परत नांदायला बी जायचं न्हाई. ती ओळ तवा व्हती का, एवढंच सांगा. मला येड लागलंय का काय, ते तरी कळू द्या."

काय मागितलं होतं तिनं? एक शब्द — तोही बंद दाराआड. माझं नाव, माझा दवाखाना, कशालाच धक्का लावणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. तरीही मला काय राखायचं होतं?

मी म्हणालो, "होती. तुझ्या लक्षात आली नसेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली नाही. अंधारात धरायला म्हणून हात पुढे करावा आणि भिंतच सरकून जावी, तसा चेहरा झाला तिचा. मग म्हणाली, "बरं. म्हंजे माजंच चुकलं." आणि गेली.

ती अजून पारगावलाच असते. इथून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. कारखाना सुरू असला की उसाच्या ट्रॅक्टरमागे थोडा उशीर होतो, एवढंच. मी एकदाही गेलेलो नाही. हौसाबाई दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच आजारानं वारल्या — सुनेनं आपल्याला मारायला घेतलं होतं, असं शेवटपर्यंत धरून.

सुरेखाला वेड लागलेलं नव्हतं. तिला ओळ दिसली नाही, कारण तिथे ओळ नव्हती.