समजलं ना?

औषधांच्या दुकानातल्या ताई गिऱ्हाइकाला सहजासहजी सोडत नसत. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे दोनदा सांगायच्या आणि वर विचारायच्या, "समजलं ना?" माणूस पिशवी घेऊन पायरी उतरला तरी मागून आवाज यायचाच.

दुपारी दुकान सुस्तावलं की त्या गोष्टी लिहीत आणि मासिकांना पाठवत. गोष्टी 'साभार परत' असा कोरडा शेरा घेऊन आल्या वाटेने घरी येत. ताई दोन दिवस धुसफुसत, पुन्हा लिहायला बसत. हौस दांडगी!

धाकट्या नणंदेने एकदा तोंडावर सांगितलं, "वहिनी, राग मानू नकोस. गोष्ट संपते तरी तू शेवटी समजावत बसतेस. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

ताईंना ते चांगलंच झोंबलं, कारण या वेळची गोष्ट त्यांच्या वडिलांची होती. शेवटच्या आजारपणात ते सारखी हाक मारत, "गोळी घेतली का गं मी?" ताई धावत जात, "घेतलीत ना बाबा, आत्ताच!" जरा वेळाने पुन्हा हाक. चुकून दुप्पट घेतील या धास्तीने ताईंनी गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यानंतर बाबांनी हाक मारली नाही.

गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं, 'त्यांना गोळी नको होती, मी हवी होते.' एवढंच बाबांना सांगायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यासाठीच तर गोष्ट लिहिली होती. आता तेच कापायचं? पेन हातात धरून ताई पोटभर रडल्या. मग त्यांनी ते वाक्य खोडलं.

गोष्ट छापून आली. दूर राहणाऱ्या धाकट्या भावाचा दुकानात फोन आला.

"ताई, शेवट छापायचा राहिला का गं? तू कपाटाला कुलूप लावतेस, बाबा गप्प होतात. पुढे?"

ताईंनी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग भाऊ हळूच म्हणाला, "बाबा मला रोज फोन करून विचारायचे, तुझा नंबर हाच आहे ना म्हणून. मी वैतागायचो."

ताई फोन कानाला धरून उभ्या राहिल्या. समोर एक गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्यांनी औषधाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि काहीच विचारलं नाही.