बाजारातली तेरेझा

गोष्टी सांगणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात कुणाकडेही पॉटलक असलं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, की पुलावाइतकाच मीही ठरलेला. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही — बायकोपाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी काढतोय खरी... कुठून सुरू करू?

अमेरिकेत येण्याआधी मी काही महिने अंगोलात होतो. कंपनीने जनरेटर बसवायला लुआंडाला पाठवलं होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून त्या देशात यादवी पेटलेली. आणि मी? मी कंपनीच्या कंपाउंडात. विमानतळावरून येणं-जाणं सोडलं, तर फाटकाबाहेर पाऊलही टाकलं नाही. माझी लढाई डासांशी आणि अळणी भाताशी.

पण अळणी भाताची गोष्ट कोण ऐकणार? मग दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून मी जीप नेली. गोळीबारात भर बाजारात अडकलो. बायको म्हणायची, "तिकडचं युद्ध थांबेल हो एक दिवस, ह्यांचं नाही थांबायचं!" सगळे हसायचे. सर्वांत मोठ्याने मी.

२००२ च्या एप्रिलमध्ये तिकडचं खरंच थांबलं. पुढच्याच महिन्यात आमच्या बॅकयार्डात पार्टी होती. दोमिंगोसलाही बोलावलं होतं — आमच्याच प्लान्टमधला इंजिनियर, मूळचा अंगोलाचा. त्याच्यापुढे मी अंगोलाचं नावही काढत नसे. चोराला पोलिसाची ओळख असतेच. पण माझ्या सईला काय ठाऊक! "अंकल, बाबा वॉज देअर! इन लुआंडा! इन द वॉर! बाबा, टेल हिम ना!"

दोमिंगोसने हातातली प्लेट खाली ठेवली. पाकिटातून एक फोटो काढला. धाकटी बहीण, तेरेझा. गाव जळालं तेव्हा घर फुटलं. तो आणि आई एकीकडे, ती दुसरीकडे. गावातले बरेचसे लोक सीमा ओलांडून झांबियातल्या छावण्यांत गेले होते. येत्या ऑगस्टमध्ये तो तिकडेच शोधायला जाणार होता. रजा आणि ऐपत, दोन्ही एकाच फेरीपुरती.

"तू लुआंडात होतास," तो म्हणाला. "चुकून कधी... हिला?"

'नाही' म्हणायला काय लागतं? पण सई बघत होती. कुलकर्णीकाकू दहीवड्याचं भांडं तसंच हातात धरून उभ्या होत्या. मी फोटो घेतला. जरा लांब धरला. गोष्टीच्या ऐन रंगात थांबतो तसा थांबलो — आणि म्हणालो, "हो. बाजारात. मासे विकत होती."

त्याने मला मिठी मारली.

झांबियाचं तिकीट कॅन्सल करून तो लुआंडाला गेला. सगळी रजा बाजारामागून बाजार फोटो दाखवत फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. "शहर फार मोठं आहे, मित्रा," असं म्हणून वर माझीच पाठ थोपटली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? हवं होतं. नाही बोललो.

दुसऱ्या वर्षी निरोप आला. तेरेझा झांबियातल्या छावणीतच होती. दोमिंगोस लुआंडात फिरत होता, तेव्हा ती त्या छावणीत जिवंत होती. नंतरच्या पावसाळ्यात तापाने गेली. लुआंडाहून ती इतक्या लांब कशी पोचली असेल, याचं कोडं तो माझ्यासमोर सोडवत बसला — कुठला रस्ता, कुणाची सोबत. आणि मी? मी मान डोलावत होतो.

आपल्याकडे भेटायला जातात तसा मी त्याच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई माझा हात धरून बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं. दोमिंगोस मध्ये बसून सांगत होता. घरच्यांत मुलीला शेवटचं कुणी पाहिलं नाही, यानेच पाहिलं, असं ती म्हणाली. अंगावर काय होतं?

निळं, मी म्हणालो. डोक्याला पिवळा रुमाल.

म्हातारीने आणखी काहीतरी विचारलं. दोमिंगोसला ते माझ्यापर्यंत आणायला वेळ लागला.

"आई विचारतेय — हसत होती का?"

मी हो म्हणालो. गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलत होती, म्हणालो, आणि हसत होती.