शालनचा मंगळवार

शालन गेल्याचं मला भाईंदरच्या केबिन रोडवर कळलं. मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी माझी हुज्जत चालली होती आणि सुनेचा फोन आला. मी पिशवी टाकून धावत सुटले असं काही झालं नाही. मेथी घेतली, घरी आणून ठेवली, हातपाय धुतले आणि मग तिच्या दारात गेले. आमच्याच चाळीत दोन दारं सोडून तिचं घर. तिचा नवरा दत्ताराम भिंतीला टेकून बसला होता आणि जमलेल्या बायका म्हणत होत्या, किती शांत बाई होती हो... शालन आणि शांत? कावीळ अंगात मुरली तेव्हा शेवटी शेवटी शांत होती, तेवढीच. एरवी तिचा आवाज चाळीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला पोचायचा. दुसऱ्याचा डबा आधी उघडायची, मग स्वतःचा. आता महिना होऊन गेला. ज्यांना रडायचं होतं त्यांचं रडून झालं. म्हणून आता जे खरं ते लिहिते.

तिचं माहेर भाईंदरजवळच्याच डोंगरी गावचं. आईबाप दोघं मिठागरावर. "माझी आय बापाएवढंच मीठ उचलायची," शालन सांगायची, "पण मुकादम हाक मारायचा ती बापाला." लग्न होऊन ती भाईंदरला आली. आम्ही परळची खोली विकून इथे आलो. चाळीतल्या आम्ही पाच जणी जवळच्याच एका प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला जायचो. तिथे मशीनवर पुरुष आणि टेबलावर बायका. साच्यातून गरम डबा निघायचा, तो आमच्याकडे यायचा, आम्ही ब्लेडने त्याच्या कडा साफ करायच्या, झाकण लावायचं आणि खोक्यात भरायचा. मशीनवाल्याला पगार जास्त, पंखा त्याच्या डोक्यावर, आणि काम कमी झालं की घरी बसवायचे ते टेबलवाल्यांना आधी. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पाऊस वरून पडतो तसंच हे, असं वाटायचं.

गावाची महानगरपालिका झाली त्या सुमाराला शेठने दोन नवी मशीनं आणली. त्यांच्यावर माणसं हवी होती. शालन हातातलं ब्लेड ठेवून सरळ शेठकडे गेली. "शेठ, हम लोग क्यूं नहीं?"

शेठ वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "किसने रोका, शालनबेन? सीखो ना. जेन्ट्स-लेडीज, सबको सेम चान्स." शिकवणार होता मशीनवरचा जुना माणूस, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. वेळ ठरली सहा ते आठ, कारण दिवसा मशीन मोकळं नसायचं. साडेपाचला सुट्टी झाली आणि आम्ही सगळ्या नेहमीसारख्या घराकडे पळालो, कारण सहाला पाणी यायचं. तासभर यायचं आणि जायचं. ड्रम भरला नाही की दुसऱ्या दिवशी आंघोळीपासून डाळभातापर्यंत सगळं अडायचं. शालनही पळाली. उस्तादपाशी शिकायला उरले ते खोकी उचलणारे दोन बाप्ये.

आठवड्याने शेठ हसत हसत आमच्या टेबलाशी आला. "देखा? चान्स दिया, एक भी लेडीज नहीं आयी. अब मेरे को मत बोलना."

"शेठ, इन दोनों के घर में पानी नहीं आता क्या?" शालनने विचारलं.

"आता होगा."

"कौन भरता है?"

उस्ताद हसला, ते दोघे बाप्येही हसले. शेठ म्हणाला, "तो पानी का टाइम मैं बदलूं?"

"पानी का नहीं. सिखाने का बदलो."

ते त्याला जमण्यासारखं नव्हतं. चालू मशीन थांबवून कोण शिकवतो? घरी येताना मी शालनला म्हटलं, "शेठचं काय चुकलं? दार उघडं ठेवलंय त्याने. आता तुझा ड्रम पण त्यानेच भरायचा का?"

"दार उघडतंय कधी, तर आपण घरी असतो तेव्हा. असलं दार काय चाटायचंय, मावशी?" कारखान्यात आणि चाळीत सगळे मला मावशीच म्हणतात.

दोन दिवस तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. मग तिने आम्हा पाच जणींना तिच्या ओटीवर बसवलं. रोज एकीने घरी जायचं आणि पाची घरचं पाणी भरायचं, चौघींनी मागे थांबून शिकायचं. प्रत्येकीचा एक वार. माझा सोमवार, तिचा मंगळवार. पाच घरांच्या किल्ल्या एका लाल नाडीत ओवल्या. ज्या दिवशी जिचा वार, त्या दिवशी नाडी तिच्याकडे.

थोडे दिवस हे नीट चाललं. मग मीच म्हटलं, नाडी माझ्याकडेच राहू दे, रोजचं पाणी मी भरते. मी पन्नाशी ओलांडलेली, त्या तरण्या. मला मशीनचं कौतुकही नव्हतं. बाकी तिघी खूश झाल्या. शालन भांडली, पण मी ऐकलं नाही. पावसाळा संपेपर्यंत चौघी शिकल्या. दोन नव्या मशीनांवर दिवसाच्या पाळीला शालन आणि आणखी एक अशा दोघी बसल्या, रात्रीच्या पाळीला ते दोघे बाप्ये, आणि उरलेल्या दोघींना उस्ताद बदलीला घ्यायला लागला. मला वाटलं, आता शालन पेढे आणेल. ती जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या हाताने आली.

"सगळ्या शिकल्या. तू न्हाय."

"मला नको होतं."

"नको होतं, का कुणीतरी पाणी भरायला हवं होतं?"

"तुला काय करायचंय? चान्स मलाही होता. मी घेतला नाही."

"हात तरी लावलास मशीनला? न चाखता कडू कसं कळलं तुला?"

मी तिला म्हटलं, गप्प बस आणि जेव. मला राग आला होता. खोटं बोलली असती तर आला नसता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पिशवीत बघते तर नाडी नाही. शालनही नाही. उस्ताद मशीनपाशी उभा होता. "आओ मौसी. शालन बोल के गयी है." मग रोज तेच सुरू झालं. दिवसभर मशीनवर राबून ती घरी जायची, पाच घरचं पाणी भरायची आणि मी इथे शिकायची. मशीनचं दार सरकवायचं, साचा उघडला की गरम डबा काढायचा, पुन्हा दार लावायचं. पहिले डबे वेडेवाकडे निघाले. पहिला धड डबा निघाला तेव्हा मी तो उलटासुलटा करून बघत बसले. उस्ताद म्हणाला, "मौसी, मशीन रुका है." दिवाळीपर्यंत मला सगळं येत होतं.

आणि मला ते आवडलं नाही. वितळलेल्या प्लास्टिकचा वास डोक्यात चढायचा, आणि मुख्य म्हणजे तिथे बोलायला कोणी नाही. टेबलावर आमचं तोंड दिवसभर चालू असायचं. कारखान्याच्या फाटकाशी मी शालनला गाठलं. "मला येतंय. उस्तादला विचार. पण मला नको. मी टेबलावरच बरी."

ती एवढी हसली की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "आता बोललीस! आता तुझं 'नको' खरं."

"मग दे इकडे किल्ल्या."

तिने पदराला बांधलेली नाडी मुठीत धरली. "मशीन नको बोललीस. रोज पाणी भरते असं कुठं बोललीस? तुझा सोमवार. बास."

माझ्या चार संध्याकाळी मोकळ्या झाल्या. त्यांचं करायचं काय, ते मला कळेना. मग कधी कधी डोंगरीच्या बसमध्ये बसायचे, खिडकी मिळाली तर शेवटपर्यंत जायचे आणि त्याच बसने परत यायचे. काही काम नसताना. उभ्या जन्मात असं केलं नव्हतं.

शेठ म्हणायचा सगळ्यांना सारखा चान्स. शालनचं म्हणणं, मशीनवर बायका दिसल्या पाहिजेत, नाहीतर कसला चान्स? मी आधी शेठची बाजू घेतली, मग शालनशी भांडले, आणि कोण बरोबर ते मला आजही धड सांगता येत नाही. मी टेबलावरूनच काम सोडलं. पण टेबलावर बसले ती माझ्या मर्जीने, हे मी कोणालाही तोंडावर सांगू शकते. शालन मध्ये पडली नसती तर असं सांगता आलं नसतं.

शिकवणी संपली, आमची कामं सुटली, तरी वार चालूच राहिले. कोणाला दवाखाना, कोणाला लग्न, कोणाला नुसताच कंटाळा... चार जणी कुठेही असोत, पाचवी घरी असायची. शालन आजारी पडली तेव्हा तिचा मंगळवार मी भरला. तेरावं झालं, पुढचा मंगळवार आला, आणि बाकी तिघी म्हणाल्या, आता तो वार वाटून घेऊ. तेवढ्यात दारात दत्ताराम उभा राहिला.

"मावशी, आज तिचा वार हाय ना? किल्ल्या द्या."

"तुम्हाला जमतं का?"

"न्हाय. मला कधी कोणी बोलावलंच न्हाय."

खरं होतं. इतक्या वर्षांत आम्हा पाच जणींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. शालनच्याही नाही. शेठला जाब विचारणारी बाई, पण घरच्या नवऱ्याला कधी विचारलं नाही.

मी नाडी त्याच्या हातात दिली. कोणत्या घराचा नळ आधी सोडायचा, पाईप कुठून न्यायचा, ते एकदा दाखवलं. बायका दारात येऊन बघत होत्या, एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्या. गेल्या मंगळवारी मी बसमधून उतरून घरी आले तर माझा ड्रम अर्धाच भरलेला आणि ओटीवर तळं झालेलं. मी फडकं घेतलं आणि पुसून काढलं. त्याला बोलले नाही. शिकतोय अजून.