बायकोची किडनी आणि अक्काचा काढा

२०२३ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. बायकोनं मला तिची एक किडनी दिली होती. मला बघायला गंगाखेडहून अक्का, माझी थोरली बहीण, गुळवेलीचा काढा घेऊन आली.

"पी, अंगात लढायची ताकद येईल," म्हणाली. थोरल्या बहिणीनं दिलेलं आमच्यात कोणी परत करत न्हाई. मी पेला उचलला, तर औषधशास्त्र शिकणाऱ्या नातीनं हात धरला.

"आबा, तुमच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना आजीची किडनी परकी वाटते. त्या पेशींच्या आत एक प्रोटीन असतं, तेच त्यांना लढायला उठवतं. तुमची रोजची गोळी त्याला अडवून धरते, म्हणून किडनी टिकते. काढ्यानं त्या पेशी चेकाळल्या तर?"

"मला शिकवायलीस व्हय? माझं शरीर मला म्हाईत हाय."

"शरीर तुमचं, पण किडनी आजीची हाय."

बायको भाजी निवडत होती. मी तिच्याकडं बघितलं. मला लय राग आला, पण पेला खाली ठेवला. माझ्याच अंगात तिला न ओळखणारं कोणी आहे, हे मला झोपेपर्यंत पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं पुन्हा काढा पुढं केला. मी तिच्यासमोर गोळी गिळली आणि म्हणालो, "अक्का, आज तूच पी."